वेलदोडा रंगावर नाही, दाण्यावर घ्या

प्रश्न कोल्हापुरातल्या एका ताईंचा आहे. त्या टपाल तिकिटं जमवतात. २००९ साली भारतीय टपाल खात्याने मसाल्याच्या पदार्थांची तिकिटं काढली, त्यांत मिरी, लवंग, दालचिनी यांच्याबरोबर वेलदोडाही होता. त्या तिकिटाखाली लिहायला त्यांना चार ओळींची माहिती हवी आहे, पण खरी अडचण स्वयंपाकघरातली आहे. लक्ष्मीपुरीत तीन दुकानांत तीन भाव आणि तीन रंग दिसले. त्यातला सगळ्यात हिरवा आणि महागडा वेलदोडा आणला, तरी श्रीखंडाला हवा तसा वास आला नाही, आणि कुटून ठेवलेली पूड महिन्याभरात निर्जीव झाली. मग कोणता घ्यायचा, कसा ठेवायचा, किती आणि कधी घालायचा?

या सगळ्याचं उत्तर एकाच गोष्टीतून निघतं: वेलदोड्याचा वास दाण्यात असतो, सालीत जवळजवळ नसतो. बोंडात तीन कप्पे असतात आणि त्यात साधारण १५ ते २० दाणे. दाण्यांत उडून जाणारं तेल वजनाच्या ६ ते १० टक्के भरतं, सालीत ते एक टक्काही नसतं. त्या तेलात दोन घटक मुख्य. एक सिनिओल, म्हणजे कापूर-निलगिरीकडे झुकणारा थंड, तिखट वास. दुसरा टर्पिनाइल ॲसिटेट, गोडसर आणि फुलांसारखा. दोन्ही हवेत पटकन उडतात. सालीचं काम त्यांना अडवून धरणं, एवढंच. हिरवेपणा हा सालीचा रंग आहे. बोंड कधी तोडलं आणि कसं वाळवलं हे तो सांगतो, आत किती तेल आहे हे सांगत नाही.

हिरवागार महाग वेलदोडा फसवू कसा शकतो, हे समजायला शेतातलं काम माहीत हवं. झाड आलं-हळदीच्या कुळातलं, माणसापेक्षा उंच वाढणारं. पश्चिम घाटात दाट सावली, भरपूर पाऊस आणि कुजलेल्या पानांची भुसभुशीत जमीन मिळते तिथे ते जोमाने येतं. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातला वंडनमेडू, कुमिळीचा डोंगराळ भाग हा आज देशातला मुख्य पट्टा. खाली तमिळनाडूत बोडिनायकनूर ही जुनी बाजारपेठ. आपल्या अंगाला कर्नाटकात कोडगू, चिकमगळूर, सिरसीकडचा भाग. फुलं शेंड्याला येत नाहीत, झाडाच्या बुडातून निघणाऱ्या लांब दांड्यांवर येतात, आणि एकाच दांड्यावर कळी, फूल, कोवळं बोंड आणि तयार बोंड एकाच वेळी असतं. म्हणून तोडणी एकदम करता येत नाही. दर ३० ते ४५ दिवसांनी मजूर फिरतात आणि तयार झालेली बोंडं तेवढी हाताने खुडतात. पावसाळ्याच्या मध्यापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हे चालतं.

इथेच गोम आहे. बोंड पूर्ण पिकलं की पिवळं पडतं आणि वाळवताना तडकतं, त्यामुळे ते पिकायच्या जरा आधी तोडतात. साल अजून हिरवी, पण आतले दाणे काळे झालेले, ही योग्य वेळ. तोडणारा आठ-दहा दिवस आधी घाई करतो तेव्हा बोंड आणखी हिरवं वाळतं, मात्र आतले दाणे पांढुरके किंवा फिके तपकिरी राहतात आणि तेल भरलेलं नसतं. असा माल दिसायला सर्वांत देखणा असतो. ताईंच्या श्रीखंडाचं दुखणं बहुधा हेच.

तोडलेला माल त्याच दिवशी धुऊन वाळवणघरात जातो. उन्हात वाळवला तर हिरवा रंग उडतो, म्हणून बंद खोलीत गरम हवा फिरवतात. सुरुवातीला ४०-४५ अंश, शेवटाला थोडा वेळ ६० च्या आसपास, एकूण १८ ते २४ तास. ओल सुमारे ८० टक्क्यांवरून १०-१२ टक्क्यांवर येते. पाच किलो ओल्या बोंडांचा जेमतेम एक किलो माल होतो. उष्णता एकदम वाढवली तर बोंडं फुटतात आणि तेल तिथेच उडतं. कमी वाळलं तर पोत्यातच बुरशी धरते. मग घासून देठ-फुलोरा काढतात, चाळण्यांवर आकाराने वेगळं करतात आणि लिलावाला पाठवतात. मसाला मंडळाच्या देखरेखीखालचे इलेक्ट्रॉनिक लिलाव इडुक्कीत पुट्टडी इथे आणि तमिळनाडूत बोडिनायकनूरला होतात, आपल्या दुकानातला भाव तिथून ठरतो. २०१८ च्या महापुराने केरळातल्या बागा झोडपल्या, पुढच्या वर्षी पाऊस लांबला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुट्टडीच्या लिलावात किलोला ७,००० रुपये भाव निघाला. वेलदोडा एका वर्षी परवडतो आणि पुढच्या वर्षी हात आखडावा लागतो, त्यामागे दर वेळी दुकानदाराचा लोभ नसतो. ग्वाटेमालातही याचं प्रचंड पीक निघतं आणि तिकडच्या पिकाचाही भावावर परिणाम होतो.

जातींबद्दल कामापुरतं. मलबार जातीची बोंडं लहान, गोलसर, वासाला कापुरी. म्हैसूर जातीची मोठी, लांबट, तीन धारांची, वास गोड. दोन्हींच्या मधली वझुक्का. इडुक्कीत घरोघरी लावली जाणारी भरघोस पिकाची ञळ्ळानी याच गटातली. गोड पदार्थाला लांबट, धारदार बोंड बरं. चहाला आणि खड्या मसाल्याला गोलसर लहान बोंड काहीच कमी पडत नाही, उलट स्वस्त पडतं.

आता दुकानात काय बघायचं ते. व्यापारी आकार मिलिमीटरमध्ये बोलतात: ८ चा, ७-८ चा, ६ चा. पण आकारापेक्षा मला त्यांचं दुसरं माप जास्त भरवशाचं वाटतं, ते म्हणजे एक लिटर भांड्यात मावलेल्या बोंडांचं वजन. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत अलेप्पी ग्रीन एक्स्ट्रा बोल्ड म्हणजे ७ मिलिमीटरच्या वर आणि लिटरला किमान ४३५ ग्रॅम. बोल्ड ६ मिलिमीटर, ४१५ ग्रॅम. सुपीरियर ५ मिलिमीटर, ३८५ ग्रॅम. बोंड मोठं पण पोकळ असेल तर या मापात लगेच उघडं पडतं. घरी लिटरचं माप लागत नाही. औषधाच्या किंवा केकच्या मापाने १०० मिलिलिटर भरा, न दाबता सपाट करा आणि वजन करा. ४० ग्रॅमच्या वर भरलं तर माल भरीव, ३५ च्या खाली गेलं तर पुढच्या वेळी दुकान बदला.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा याहून सोपी. मूठभर बोंडं एका तळहातावरून दुसऱ्यावर सोडा. नीट वाळलेला माल खणखणीत वाजतो, ओलसर माल मुका पडतो. मग एक बोंड मागून घ्या आणि नखाने सोला. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. दाणे काळे किंवा गडद तपकिरी, एकमेकांना किंचित चिकटलेले, अंगठ्याखाली दाबल्यावर चिकट लागणारे हवेत. सुटे, करडे, कोरडे दाणे म्हणजे जुना माल. एक दाणा दाताखाली फोडा: आधी गोडसर, मग थंड, मग किंचित तिखट अशी चव आली पाहिजे. नुसतं लाकूड चघळल्यासारखं वाटलं, तर त्या बोंडांतून आधीच तेल काढून घेतलेलं असू शकतं. असा माल बाजारात मिसळला जातो, आणि सुरकुतलेली बोंडं टवटवीत दिसावीत म्हणून त्याला शंखजिऱ्याची पूडही चोळतात. बोटांत चोळल्यावर पांढरी भुकटी लागली की समजा. रंगाची शंका असेल तर दोन बोंडं ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळा किंवा पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नैसर्गिक हिरवा रंग पाण्यात असा उतरत नाही. फडकं हिरवं झालं तर रंग लावलेला आहे, आणि मसाल्याला वरून रंग लावायला कायद्याने परवानगी नाही.

उलट काही खुणांना लोक उगाच घाबरतात. सालीवर खरखरीत खपल्यांसारखे तपकिरी चट्टे दिसतात, ते फुलकिड्यांनी कोवळ्या सालीवर केलेले व्रण असतात. दिसायला वाईट, भावात स्वस्त, आणि आतला दाणा बहुतेक वेळा ठणठणीत. मसाल्यासाठी हा माल मी डोळे झाकून सुचवेन. भोक असलेलं बोंड मात्र नको, ते अळीने पोखरलेलं असतं आणि आत दाण्यांऐवजी भुसा निघतो. तडकलेली बोंडं अगदी ताजी असली आणि महिन्याभरात संपणार असली तरच घ्या.

पांढरा वेलदोडा ही वेगळी जात नव्हे. हिरवाच वेलदोडा गंधकाच्या धुरीने किंवा रसायनाने विरंजित करतात. पांढऱ्या मिठाईत साल दिसू नये एवढाच त्याचा उपयोग, वासाला तो हिरव्यापेक्षा कमी. आणि जुना हिरवा माल उजेडात पडून फिका होतो, तोही पांढरा म्हणून विकला जातो. हावेरीचे वेलदोड्याचे हार सत्कारात मिळतात, ते सोडून वापरावेत का, असंही बरेच जण विचारतात. ओवताना बोंडाला भोक पडलेलं असतं आणि हार हवेत, उजेडात टांगून राहिलेला असतो. आठवड्याभरात सोडला तर चहाला चालेल, पक्वान्नाला नको.

मोठा काळा मसाला वेलदोडा हे मात्र खरोखर वेगळं झाड आहे, सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळ, भूतानकडचं. तो लाकडाच्या भट्टीवर धुरात वाळवतात, त्यामुळे त्याला धुराचा वास असतो. हिरवा संपला म्हणून तो खिरीत घालायचा नाही आणि तो नाही म्हणून तांबड्या रश्श्याच्या मसाल्यात दुप्पट हिरवा घालायचा नाही. दोन्हीकडे पदार्थ बिघडतो. घेताना तो तपकिरी-काळा, जड आणि फोडल्यावर आतले दाणे चिकट गरात बसलेले बघा. गर सुकून दाणे खुळखुळत असले तर तो मागच्या वर्षाचा.

साठवणीत आपल्याकडे एक चूक घरोघर होते. मे महिन्यात मिरच्या गच्चीवर पडतात, तेव्हा त्यांच्याबरोबर सगळा खडा मसालाही कडक उन्हात टाकला जातो. मिरचीला, धण्याला ऊन हवं. वेलदोड्याला ऊन म्हणजे नुकसान: साल तडकते, रंग उडतो आणि दुपारभर गच्चीवर जो घमघमाट सुटतो, तेच तुम्ही पैसे देऊन आणलेलं तेल असतं. वेलदोडा सर्दावला असेल तर सावलीत कागदावर पसरून पंख्याखाली पाच-सहा तास ठेवा, पुरतं. डबा काचेचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा आणि शक्य तितका भरलेला. रिकामी जागा राहिली की वास त्या हवेत भरतो आणि दर वेळी झाकण उघडल्यावर निघून जातो. पातळ प्लास्टिकची पिशवी वास धरत नाही. गॅसच्या वरचं फडताळ ही सगळ्यात वाईट जागा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की डबा उघडा राहिला तर आठवड्याभरात बोंडं नरम पडतात. तेव्हा रोजच्या वापराला १०-१५ ग्रॅम छोट्या डबीत काढा आणि मोठा डबा बंदच ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलात तर बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं. असं सांभाळलेलं अखंड बोंड वर्षभर चांगलं राहतं. सोललेले दाणे दोन-तीन महिने, पूड दोन-तीन आठवडे. म्हणून पुडीची बाटली घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूड करताना बोंडं भाजायची नाहीत. तवा कोमट करा, गॅस बंद करा, बोंडं मिनिटभर फिरवा आणि गार होऊ द्या. साल कुरकुरीत होऊन सहज सुटते, एवढंच आपल्याला हवं. १० ग्रॅम बोंडं सोलली की ७ ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. तीस टक्के साल जाते हे भाव ठरवताना लक्षात ठेवा, आणि सहाच ग्रॅम निघाले तर माल पोकळ होता. दाणे एकटे मिक्सरमध्ये फिरवले तर ते पात्यांभोवती उडत राहतात आणि भांडं तापतं. दाण्यांच्या दुप्पट साखर घाला. साखरेचे कण दाणे घासतात आणि सुटलेलं तेल धरून ठेवतात. एका वेळी आठ-दहा सेकंदच फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. थोडंच हवं असेल तर खलबत्ता मिक्सरपेक्षा केव्हाही चांगला.

प्रमाणं मी वजनात सांगतो, कारण चमचे घरोघर वेगळे. ७-८ मिलिमीटरची बोंडं १० ग्रॅममध्ये साधारण ४५ ते ५५ बसतात. श्रीखंडाला एक किलो चक्क्यामागे सोललेले दाणे ३ ग्रॅम, म्हणजे वीसेक बोंडांचे. पूड साखरेबरोबर चक्क्यात फेटा आणि चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवल्यावरच चव बघा. हे तेल स्निग्धात विरघळतं आणि त्याला वेळ लागतो. लगेच चाखून कमी वाटलं म्हणून आणखी घातली, की दुसऱ्या दिवशी श्रीखंड कडवट आणि कापुरी लागतं. पुरणाला एक किलो हरभरा डाळीमागे १५ ते २० बोंडं आणि अर्धं जायफळ. डाळ-गूळ शिजत असताना घातलं तर वाफेबरोबर सगळं जातं. पुरण आटून भांडं खाली उतरवलं, वाटायला घ्यायच्या आधी, ती वेळ. गूळ कोल्हापुरी असेल तर त्याचाच स्वाद भारी असतो, म्हणून मी २० च्या पुढे जात नाही. बेसनाच्या लाडवांत मिश्रण हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर. कोजागरीच्या दुधाला लिटरमागे चार-पाच बोंडं, गॅस बंद केल्यावर, वर पाच मिनिटं झाकण.

पांढऱ्या रश्श्यात पूड नको. पूड घातली की पांढरेपणात काळे ठिपके दिसतात आणि रस्सा खिरीसारखा वास मारतो. एक किलो मटणाच्या अळणी पाण्याला चार हिरवे वेलदोडे, एक बोटभर दालचिनी, चार-पाच लवंगा, आठ-दहा मिरी. वेलदोड्यांची टोकं फक्त ठेचून उघडा. मध्यम गरम तुपात हा मसाला अर्धा मिनिट, बोंड फुगेपर्यंत; तपकिरी झालं तर उशीर झाला. मग तीळ-खसखस-काजूचं वाटण, अळणी पाणी, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो. मसाला वेलदोडाही घालणारी घरं आहेत. माझ्या मते त्याचा धूर नारळाच्या गोडव्यावर बसतो, आणि त्याची जागा तांबड्या रश्श्यातच आहे.

कांदा-लसूण मसाल्याला एक किलो मिरचीमागे १० ग्रॅम हिरवा आणि १० ग्रॅम मसाला वेलदोडा हे मध्यम माप. मिरचीत ब्याडगीचा भाग जास्त असेल तर वेलदोडा लवकर वर येतो, तेव्हा हिरवा ७-८ ग्रॅमवर आणा; संकेश्वरी किंवा लवंगीचा जोर असेल तर १० ला हरकत नाही. खडा मसाला तेलात परतताना लोक सगळं एकदम टाकतात, ते टाळा. दगडफूल, दालचिनी, लवंग आधी, हिरवा वेलदोडा सगळ्यात शेवटी, आच बंद करून उरलेल्या गरमीवर. मोठा वेलदोडा फोडून घाला, अखंड राहिला तर आतला गर ओला राहतो आणि पुढे मसाल्यात गुठळ्या होतात. डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, साल बारीक कुटली जाते, म्हणून इथे हिरवा वेलदोडा सालीसकट चालतो. घरच्या मिक्सरवर केलात तर सालीचे दोरे राहतात, चाळणी लावा. डंकावर गर्दीच्या दिवसांत कुटायचं भांडं तापलेलं असतं, तेव्हा मिरची आधी कुटून घ्या आणि खडा मसाला शेवटच्या फेरीत टाकायला सांगा.

घरात आधीच जुना वेलदोडा पडून असेल तर टाकू नका. त्यातला उडणारा भाग गेलेला असतो, तेव्हा गोडाला दीडपट घालून निभावायचा प्रयत्न करू नका, नुसता कडवटपणा वाढतो. तो चहाला, पुलावाला, मटण शिजवतानाच्या पाण्याला अखंड वापरा. ताज्या मालाच्या सोललेल्या साली साखरेच्या किंवा चहा पावडरच्या डब्यात टाका. त्यांना लागलेल्या तेलाचा वास दोन-तीन आठवडे उतरत राहतो. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर मात्र चहालाही नको, सरळ फेकून द्या.